इंग्रजीचे काळ आणि शब्दांच्या जाती: आधी शब्दाची जागा पाहा

'बॅक' हा इंग्रजी शब्द कोणत्या जातीचा? नाम, विशेषण की क्रियापद? वाक्य समोर नसेल तर याचं उत्तर देताच येत नाही. 'माय बॅक हर्ट्स' म्हणजे माझी पाठ दुखते. इथे तो नाम आहे. 'द बॅक डोअर' म्हणजे मागचं दार, इथे विशेषण. 'कम बॅक' म्हणजे परत ये, इथे क्रियाविशेषण. आणि 'आय बॅक यू' म्हणजे माझा तुला पाठिंबा आहे. इथे तोच शब्द क्रियापद झाला. स्पेलिंग तेच, उच्चार तोच. बदलली ती शब्दाची जागा आणि त्या जागेवरचं काम.

मराठी माणसाला हे सुरुवातीला अवघड जातं, कारण आपली भाषा जागेवर फार अवलंबून नाही. 'वाघाने हरणाला पाहिलं' म्हणा, 'हरणाला वाघाने पाहिलं' म्हणा किंवा 'पाहिलं वाघाने हरणाला' म्हणा, कोणी कोणाला पाहिलं याबद्दल शंका राहत नाही. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दांना चिकटलेले असतात आणि शब्द कुठेही गेला तरी आपलं काम सांगतात. इंग्रजीत 'द टायगर सॉ द डिअर' याची उलटापालट करून 'द डिअर सॉ द टायगर' म्हटलं की पाहणारा हरीण होतो. शब्द तेच आहेत, पण क्रियापदाच्या आधी जो बसला तो कर्ता.

इंग्रजी मुळात अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत आणि वाक्यात शब्द बरेच इकडेतिकडे फिरू शकत. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमाने उचललं. 'ही' आणि 'हिम', 'वी' आणि 'अस' या जोड्या म्हणजे त्या जुन्या विभक्तींचे उरलेले अवशेष. म्हणून इंग्रजी व्याकरण शिकताना 'हा शब्द काय आहे?' असं विचारण्यापेक्षा 'हा शब्द इथे काय करतोय?' असं विचारावं. जातींचंही कोडं त्याने सुटतं आणि, पुढे दिसेल तसं, काळांचंही.

आठ जाती

शाळेत शिकलेली यादी आपल्याला पाठ असते: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय. इंग्रजीच्या आठ जाती आणि मराठीच्या आठ जाती एकास एक जुळतात हा योगायोग नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं आणि त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची होती. आपल्याकडच्या जुन्या परंपरेत यास्क या प्राचीन शब्दशास्त्रकाराने शब्दांचे चारच वर्ग केले होते: नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे अव्ययं. आठचा आकडा ग्रीक व्याकरणातून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला, आणि वाटेत आतले खण बदलत गेले. ग्रीकांच्या यादीत विशेषण वेगळं नव्हतंच, ते नामातच धरत. आजही अनेक व्याकरणकार 'द', 'अ', 'धिस', 'माय' या शब्दांना विशेषणांतून काढून स्वतंत्र वर्ग देतात. तेव्हा आठ की नऊ यावर डोकं शिणवू नये. खण माणसांनी सोयीसाठी केलेत.

नाम, सर्वनाम, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या चार जातींत मराठी माणूस फारसा अडत नाही. वस्तूचं, माणसाचं किंवा कल्पनेचं नाव ते नाम, त्याच्या जागी येणारं सर्वनाम, दोन शब्द किंवा वाक्यं जोडणारं उभयान्वयी, आणि 'ओह' किंवा 'अलास' असा उद्गार काढणारं केवलप्रयोगी. यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही. खरी अडचण येते ती विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या सीमेवर.

मराठीत 'ती छान गाते' आणि 'ती छान दिसते' या दोन्ही वाक्यांत 'छान' तसाच राहतो. इंग्रजीत पहिलं वाक्य 'शी सिंग्ज ब्यूटिफुली' होतं आणि दुसरं 'शी लुक्स ब्यूटिफुल'. फरक असा: पहिल्या वाक्यात आपण गाण्याच्या क्रियेबद्दल बोलतोय, ती कशी गाते ते. क्रियेचं वर्णन करणारा शब्द क्रियाविशेषण, म्हणून 'ली' लागला. दुसऱ्या वाक्यात दिसण्याची क्रिया ती छान रीतीने पार पाडते असं काही म्हणायचं नाही. ती स्वतः छान आहे असं म्हणायचंय. वर्णन तिचं आहे, म्हणून विशेषण. 'लुक', 'फील', 'स्मेल', 'टेस्ट', 'साउंड', 'सीम', 'बिकम' ही क्रियापदं या अर्थाने आली की ती कर्त्याला त्याच्या गुणाशी जोडणारा नुसता दुवा असतात आणि त्यांच्यानंतर विशेषण येतं. शंका आली तर क्रियापदाच्या जागी 'इज' घालून पाहा. 'शी इज ब्यूटिफुल' वाक्य टिकलं आणि अर्थही साधारण तोच राहिला, म्हणजे विशेषणच हवं. 'शी सिंग्ज'च्या जागी 'शी इज' घातलं तर गाणंच नाहीसं होतं, म्हणजे तिथे क्रियाविशेषण हवं.

शेवटच्या अक्षरांवरून जात ओळखायची सवय उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. 'नेस', 'मेंट', 'शन' यांनी संपणारे शब्द बहुतेक नाम असतात. 'फुल' आणि 'लेस' यांनी संपणारे बहुतेक विशेषण. 'ली' मात्र फसवतो. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणं आहेत. 'फास्ट'ला क्रियाविशेषण करताना 'ली' लागतच नाही. आणि 'हार्ड'ला 'ली' लावलं की अर्थच फिरतो: 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप मेहनत करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो काम करतच नाही म्हणा ना. नोकरीच्या अर्जात किंवा शिफारसपत्रात ही अदलाबदल झाली तर ज्याची स्तुती करायची त्याचंच नुकसान होतं.

शब्दयोगी अव्ययांबद्दल थोडक्यात. मराठीत ती शब्दाच्या मागून येतात: टेबलाखाली, घरासमोर. इंग्रजीत शब्दाच्या आधी येतात: 'अंडर द टेबल'. हे सगळ्यांना लवकर जमतं. चुका होतात त्या मराठीतलं अव्यय इंग्रजीत ओढून नेल्याने. आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट द मॅटर' असं लिहिलं जातं. 'डिस्कस'ला अव्यय लागत नाही, 'डिस्कस द मॅटर' एवढंच पुरे. कोणतं क्रियापद कोणतं अव्यय घेतं याला पक्का नियम नाही. ती जोडी जोडीनेच लक्षात ठेवावी लागते.

क्रियापदांची साखळी

आता काळ. बारा काळांचा तक्ता पाठ करून घेणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, आणि मला ती नकोशी वाटते. तक्ता पाठ असलेली हुशार मुलंसुद्धा 'आय डिड नॉट वेंट' म्हणतात, कारण तक्त्यात बारा सुटी वाक्यं दिसतात, ती तयार कशी होतात ते दिसत नाही. तयार होण्याची रीत एकच आहे आणि ती समजली तर बारा चौकटी आपोआप भरता येतात.

रीत अशी. इंग्रजी क्रियापद अनेकदा एकटं नसतं. दोन, तीन, चार शब्दांची साखळी असते. त्या साखळीतला पहिला शब्द काळ सांगतो आणि बाकीचे काळाच्या बाबतीत गप्प असतात. शिवाय प्रत्येक सहायक क्रियापद आपल्या लगेच पुढच्या शब्दाचं रूप ठरवतं. 'विल', 'कॅन', 'मे' यांच्यासारख्यांच्या पुढे मूळ रूप येतं: 'विल गो'. 'हॅव'च्या पुढे तिसरं रूप येतं: 'हॅव गॉन'. 'बी'च्या कोणत्याही रूपापुढे, क्रिया चालू असेल तर, 'इंग'चं रूप येतं: 'इज गोइंग'. कर्मणी प्रयोग असेल तर त्याच 'बी'पुढे तिसरं रूप येतं: 'इज रिटन'.

आता तक्त्यातलं सगळ्यात भीतिदायक रूप घेऊ: 'शी विल हॅव बीन वर्किंग'. 'विल' पहिला, त्याने भविष्य सांगितलं आणि पुढे मूळ रूप मागितलं, म्हणून 'हॅव'. तिथे 'हॅज' चालत नाही, कर्ता 'शी' असली तरी. 'हॅव'ने पुढे तिसरं रूप मागितलं, म्हणून 'बी'चं झालं 'बीन'. 'बीन'ने 'इंग' मागितलं, म्हणून 'वर्किंग'. चार शब्द, आणि प्रत्येक जण फक्त आपल्या शेजाऱ्याकडे पाहतोय. याच साखळीतले 'विल हॅव' काढून 'हॅज' घातला की 'शी हॅज बीन वर्किंग', 'हॅड' घातला की 'शी हॅड बीन वर्किंग'. पाठ काय करायचं यात?

'आय डिड नॉट वेंट' का चुकतं तेही इथेच कळतं. साखळीत 'डिड' पहिला, भूतकाळ त्याने सांगून टाकला. 'डू'च्या पुढे मूळ रूप येतं, म्हणून 'आय डिड नॉट गो'. 'ही डज नॉट गोज' हीसुद्धा तीच चूक: 'डज'मध्ये तो शेवटचा 'ज' आधीच आलाय, त्याला पुन्हा 'गो'ला चिकटवायचं कारण नाही. मराठीत 'तो गेला नाही' म्हणताना काळ 'गेला'वरच असतो आणि 'नाही' नुसतं मागून येतं, म्हणून मन इंग्रजीतही मुख्य क्रियापदावरच काळ लावायला जातं.

शब्दाची जात आणि क्रियापदाचं रूप यांची गाठ 'टू'पाशी पडते. 'आय वाँट टू मीट यू' यातला 'टू' धातूची खूण आहे, म्हणून पुढे मूळ रूप. 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' यातला 'टू' शब्दयोगी अव्यय आहे. अव्ययापुढे नाम हवं, म्हणून क्रियापदाला 'इंग' लावून नामाचं काम दिलंय. ओळखायचं कसं? 'टू'च्या पुढे साधं नाम घालून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू द फेस्टिव्हल' चालतं, म्हणजे अव्यय. 'आय वाँट टू द फेस्टिव्हल' चालत नाही, म्हणजे धातूची खूण. हाच फरक 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली', म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचो, आणि 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली', म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे, या दोन वाक्यांत आहे. किती तरी वर्षं इंग्रजी लिहिणाऱ्यांचाही इथे गोंधळ होतो, आणि तो जात ओळखल्याने मिटतो.

काळ म्हणजे दोन प्रश्न

तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक, घटना कधीची: आधीची, आताची की पुढची. दोन, आपण ती कशी पाहतोय: नुसती घटना म्हणून, चालू असताना, झालेली आणि तिचा परिणाम हातात असलेली, की आधीपासून आत्तापर्यंत चाललेली. तीन गुणिले चार, बारा. काटेकोर पाहिलं तर इंग्रजी क्रियापदाला स्वतःच्या रूपाने दोनच काळ दाखवता येतात, वर्तमान आणि भूत. 'गो'चं 'वेंट' होतं, पण भविष्यासाठी त्याचं स्वतःचं रूप नाही, जसं आपल्याकडे 'जाईन' आहे. म्हणून भविष्यासाठी 'विल', 'गोइंग टू', चालू वर्तमान किंवा साधा वर्तमान, यांतलं प्रसंगाला जे शोभेल ते वापरतात.

मराठीत हे दोन्ही प्रश्न आहेतच. 'जातो', 'जातोय', 'गेलो आहे' हे आपण न शिकता बोलतो. पण सीमा वेगळ्या ठिकाणी आखलेल्या आहेत, आणि चुका नेमक्या त्या सरकलेल्या सीमांवर होतात.

पहिली जागा. 'मला समजतंय', 'मला आठवतंय', 'मला वाटतंय'. मराठीत ही चालू काळाची रूपं अगदी नैसर्गिक. त्यांचं थेट 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम रिमेंबरिंग' होतं आणि कानाला खटकतं. कळणं, माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं या इंग्रजीच्या दृष्टीने चालणाऱ्या क्रिया नाहीत, स्थिती आहेत. त्यांना सहसा साधा काळ लागतो: 'आय अंडरस्टँड', 'आय नो', 'आय हॅव अ कार'. 'थिंक' दोन्हीकडे जातो. मत सांगायचं तर 'आय थिंक', मनात विचार चालू असेल तर 'आय ॲम थिंकिंग अबाउट इट'.

दुसरी. 'मी दहा वर्षांपासून इथे राहतो.' मराठी वाक्यात वर्तमानकाळ आहे, म्हणून 'आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स' तयार होतं. इंग्रजी विचारते की हे राहणं मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलंय का? आलंय, मग पूर्ण वर्तमान हवा: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स'. कालावधी मोजला तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगितला तर 'सिन्स'. आपल्याकडे दोन्हीला 'पासून' चालतं, इथे चालत नाही.

तिसरी, पूर्ण वर्तमानाचीच. 'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठी ठीक आहे. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' ठीक नाही. पूर्ण वर्तमान एका टोकाला आत्ताशी बांधलेला असतो. 'काल', 'गेल्या वर्षी', 'पाच वाजता' असा संपलेला वेळ सांगितला की ती गाठ सुटते आणि साधा भूतकाळ येतो: 'आय सॉ हिम येस्टरडे'. वेळ न सांगता 'आय हॅव सीन हिम' म्हणा, म्हणजे मी त्याला पाहिलेलं आहे, ओळखीन.

चौथी जागा मराठी माणसांच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त दिसते. 'काल मी डॉक्टरांकडे गेलो होतो.' 'होतो' आहे म्हणून 'येस्टरडे आय हॅड गॉन टू द डॉक्टर'. मराठीत 'गेलो होतो' म्हणजे गेलो आणि परत आलो, ती गोष्ट संपली, एवढाच सूर असतो. इंग्रजीचं 'हॅड गॉन' मात्र ऐकणाऱ्याला सांगतं की भूतकाळात आणखी एक घटना आहे आणि ही तिच्याही आधीची. ऐकणारा त्या दुसऱ्या घटनेची वाट पाहत राहतो आणि ती येतच नाही. एकच घटना असेल तर 'आय वेंट' पुरे. दोन असतील तेव्हाच हे रूप कामाला येतं: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे मी पोचलो तेव्हा गाडी सुटून गेली होती. 'हॅड' काढून 'द ट्रेन लेफ्ट' ठेवलं तर मी पोचलो आणि गाडी सुटली, असा अर्थ होतो. निघणाऱ्या गाडीचा शेवटचा डबा तरी दिसला की नाही, हे त्या एका शब्दावर ठरतं.

भूतकाळ, पण भूतकाळाचा नव्हे

जर-तरच्या वाक्यांत आणखी एक गंमतीची गोष्ट घडते. 'पाऊस आला तर आपण थांबू.' मराठीने भविष्यातल्या पावसासाठी 'आला' हे भूतकाळी रूप वापरलंय. इंग्रजी इथे साधा वर्तमान घेते: 'इफ इट रेन्स, वी विल स्टे'. 'इफ इट विल रेन' म्हणत नाहीत. आणि मराठीच्या चालीने भूतकाळ घातला, 'इफ इट रेन्ड, वी वुड स्टे', तर वाक्य चुकीचं नसतं, पण अर्थ बदलतो: पाऊस येण्याची शक्यता बोलणाऱ्याला फारशी वाटत नाही.

इथे भूतकाळाचं रूप काळ सांगतच नाही. ते वास्तवापासूनचं अंतर सांगतं. 'इफ आय हॅड टाइम, आय वुड रीड मोर', म्हणजे मला वेळ असता तर मी अधिक वाचलं असतं. 'हॅड' असूनही हे आजबद्दल आहे. आज वेळ नाही, एवढंच. आपण 'असता तर' म्हणून जे साधतो ते इंग्रजी भूतकाळाच्या रूपाला एक पाऊल मागे नेऊन साधते. आणि खऱ्या भूतकाळातली न घडलेली गोष्ट सांगायची असेल तर आणखी एक पाऊल मागे: 'इफ आय हॅड हॅड टाइम', पुढे 'आय वुड हॅव कम'. एका वाक्यात लागोपाठ दोन 'हॅड' पाहून अनेक जण छपाईची चूक समजतात. साखळी आठवली की उलगडतं: पहिला 'हॅड' सहायक, त्याने पुढे तिसरं रूप मागितलं, आणि 'हॅव'चं तिसरं रूप 'हॅड'च आहे. जाती वेगळ्या म्हणा, कामं वेगळी म्हणा, शब्द एकसारखे.

हेच अंतर अदब दाखवायलाही वापरतात. 'कॅन यू हेल्प मी?' ही सरळ विचारणा. 'कुड यू हेल्प मी?' जरा नम्र. आणि 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी' यात 'वॉज' आणि 'कुड' दोन्ही भूतकाळाची रूपं आहेत, मदत मात्र आत्ता हवीय.